काच का अडकली, ते मला माहीत होतं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. देवळात नाही, आजारपणात नाही, बहिणीजवळसुद्धा नाही — आणि बहिणीजवळ मी काय काय बोलले आहे ते तिलाच ठाऊक. हे मात्र आत ठेवलं. सात वर्षं झाली. दातात काडी अडकावी आणि जीभ सारखी तिथेच जावी, तसं चाललं आहे.

गोष्ट म्हटली तर केवढीशी? गाडीची एक काच. बटण दाबलं की वर-खाली होणारी. ती बंद पडली आणि तासा-दोन तासांत दुरुस्तही झाली. तुम्ही म्हणाल, त्यात लपवण्यासारखं काय? थांबा जरा. मला नीट क्रमाने सांगायचं आहे, आणि एवढ्यातच मी दोनदा उठून पाणी पिऊन आले.

तासगावाजवळ आमचं घर. थोडी द्राक्षबाग, तिला लागून बेदाण्याचं शेड. घरात मी, मुलगा सुरेश, सून वैशाली आणि एक नात. नात तेव्हा लहान होती. वैशालीचं माहेर पाटणचं. शिकून आलेली — रक्त तपासायचं शिक्षण. सांगलीत एका दवाखान्यात तिला नोकरी होती. सकाळी सातला तिथे हजर व्हावं लागे आणि एवढ्या लवकर आमच्या फाट्यावर एसटी थांबत नसे. म्हणून ती गाडी शिकली. आमच्या भावकीत गाडी चालवणारी पहिली बाई. गाडी जुनी घेतलेली, निम्मी तिच्याच पगारातून. तरी सुरेश म्हणायचा, "मी हिला गाडी दिलीया." पारावरची माणसं त्याला डिवचायची — "काय सुरेशराव, आज मालकीणबाई सोडणार का आमाला फाट्यापत्तर?" तो तिथे हसायचा. घरी आल्यावर हसत नसे.

आणि मला? मला दोन्ही वाटायचं. शेजारणींपुढे मी सुनेचं कौतुक मिरवायची. आणि पहाटे गाडीचा आवाज लांब गेला, की परातीतलं पीठ जरा जास्तच जोराने मळायची. सासू भाकरी थापते, सून गाडी हाकते. हे मनात यायचं. आलं नाही असं कशाला सांगू?

मार्गशीर्ष लागला होता. वैशालीच्या बाजूची काच अडखळायला लागली. वर जाताना मध्येच थांबायची, हाताने ओढली की पुन्हा जायची. मग एक दिवस बटणाला हात न लावता आपली आपण खाली आली. वैशाली जेवताना हे हसत सांगत होती, "गाडीत भूत शिरलंय आत्या." मीही हसले. पण घास गिळला नाही. का गिळला नाही, ते मला तेव्हाच कळलं होतं — हे लक्षात ठेवा. नंतर कळलं असं नाही. तेव्हाच.

पुढच्या आठवड्यात काच अर्ध्यावर येऊन जी बसली ती हलेना. थंडीत, अंधार असताना, अर्ध्या उघड्या काचेने ती सांगलीला जायची. कानाला स्कार्फ घट्ट बांधून.

त्या रविवारी सांगलीत माझ्या भाच्याचा साखरपुडा होता. सुरेश, वैशाली आणि मी निघालो, नात शेजारी ठेवली. गाडी सुरेश चालवत होता. पुढे उसाच्या ट्रॉल्या, त्यांची सगळी धूळ त्या अर्ध्या काचेतून त्याच्या नव्या शर्टावर. तो कावला आणि रस्त्याकडेच्या एका दुकानापुढे त्याने गाडी घातली. तिथे सलीमभाई म्हणून मिस्त्री होता. गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. केस पिकलेले, चष्मा दोऱ्याने गळ्यात.

सुरेश उतरता उतरताच म्हणाला, "मोटर गेलीया काचेची. नवी टाका."

"डॉक्टर तुमी का मी?" सलीमभाई म्हणाला. "बसा तिकडं बाकावर."

मी बसले नाही. उभी राहून बघत होते. त्याने आधी स्टिअरिंगच्या खालचं झाकण काढलं, एक इवलासा फ्यूज उपसला, उजेडात धरून बघितला आणि परत लावला. फ्यूज चांगला होता. मग ड्रायव्हरच्या दाराला कान लावून त्याने बटण दाबलं. दारात काही हूं की चूं नाही. त्या दारावर चार बटणं होती, चारी काचांची. त्याने चारी दाबली. एकही काच हलली नाही. मग त्याने वैशालीला पलीकडे बसवलं आणि तिकडच्या दाराचं बटण दाबायला सांगितलं. ती काच सरसर वर गेली, सरसर खाली आली.

"बगा," तो म्हणाला. "तिकडची काच तिकडच्या बटणानं पळती. हितनं दाबलं की गप. मंग काचेचा काय गुन्हा?"

तरी त्याने नुसत्या अंदाजावर सोडलं नाही. एका चपट्या पट्टीने ती चार बटणांची पाटी दारातून उचलली, मागची वायर सोडवली आणि दुसऱ्या दोन वायरींनी सरळ मोटरला करंट दिला. आठवडाभर अडून बसलेली काच दावं तुटलेल्या म्हशीसारखी वर निघाली.

"मोटर जिवंत हाय दादा. उगंच नवी घ्यायला लावत हुता."

मला त्याचं काम आवडलं, हे सांगायलाच हवं. आमच्याकडे बेदाणा काळा पडला तर आधी धुरीच्या गंधकाला शिव्या, मग हवेला, मग निवडणाऱ्या बायकांना. हा माणूस कुणाला शिव्या न घालता एकेक वाट बंद करत चालला होता. फ्यूज नाही. मोटर नाही. काच नाही. वायर नाही. मी उभ्या उभ्या बघत होते आणि मला समजत होतं की शेवटची वाट माझ्याकडे येते आहे. जावं का तिथून? कुठे जाणार होते — रस्त्यावर?

त्याने पाटीचे बारके स्क्रू काढून ती उघडली. आत तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. त्यांच्यावर तपकिरी चिकटा आणि चिकट्यात मेलेल्या मुंग्या. त्याने बोट लावलं, दोन बोटं एकमेकांना चिकटवून सोडवून दाखवली.

"साधं पाणी असतं तर वाळून गेलं असतं. हे गोड हाय कायतरी."

मग तो माझ्याकडे वळला. रागाने नाही. हसतच.

"आजी, गाडीवर नारळबिरळ फोडला हुता का? अमावशेला लोक पाणी वततात आन् मंग माज्याकडं येत्यात."

सुरेश बघत होता, वैशाली बघत होती.

"न्हाई," मी म्हणाले. "आमच्यात वतत न्हाईत."

फोडला होता. आमच्यात ओततात. ट्रॅक्टरला, टेम्पोला, विहिरीवरच्या मोटारीला — अमावास्येला नारळ फुटतोच. दसऱ्याला गाडीची पूजा झाली तेव्हा सुरेशने मला दोनदा बजावलं होतं, हळदीकुंकू लाव, हार घाल, पण पाणी वतू नको, आत वायरी असत्यात. मी बरं म्हटलं. पण मनाला पटेना. त्या रस्त्यावर ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, धुक्यात पुढचं दिसत नाही, आणि ही रोज पहाटे एकटी. माझं माहेर औंधाकडचं. मी यमाईला गेले, तिथून नारळ आणला आणि अमावास्येच्या दुपारी, वैशाली कामावरून येऊन आत झोपली असताना, गाडीवरून तीनदा ओवाळून तो पायरीवर फोडला. चाकांवर पाणी घातलं. तिची काच खाली होती. उरलेलं पाणी मी त्या बटणांवर ओतलं. तिचा उजवा हात सारखा तिथे असतो म्हणून. शिंपडायचं असतं, मी ओतलं. बटणांच्या फटीतून ते आत उतरताना मी बघितलं, पदराने वरून पुसलं आणि घरात आले.

नारळ फोडला हा माझा गुन्हा नव्हे. चांगल्या मनाने फोडला. पण ते चांगलं मन पंधरा-वीस दिवसांनी सलीमभाईच्या दुकानापुढे कुठे गेलं? मी त्याला उत्तर दिलं ते चांगल्या मनाने नव्हतं. सुरेशची भीती होती का? छे. त्याचं नाक मी पुसलेलं आहे, तो मला काय करणार होता? फार तर मिस्त्रीसमोर म्हणाला असता, 'अडाणी ती अडाणीच.' मी चौथी शिकलेली. हा शब्द पूर्वी एकदा त्याने मला चार माणसांत ऐकवला होता. तो पुन्हा ऐकायचा नव्हता, एवढंच. एवढ्यासाठी.

मी नाही म्हटल्यावर सलीमभाईने खांदे उडवले. "मंग चा सांडला असंल, न्हायतर रस."

सुरेशने मान वळवली. वैशाली रोज थर्मासमधून चहा नेते, हे घरात सगळ्यांना माहीत.

"मी चहा गाडीत पीतच न्हाई," ती म्हणाली. "सांगलीत पोचल्यावर खाली उतरून पिते."

"मग काय देव येऊन सांडून गेला व्हय?"

देवाचं नाव निघालं. तरी माझं तोंड उघडलं नाही.

सलीमभाईने पेट्रोल घेऊन दात घासायच्या जुन्या ब्रशने त्या पट्ट्या धुतल्या, पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासल्या, वारा मारून वाळवल्या आणि पाटी परत बसवली. चारी काचा चालल्या. सुरेश आणि वैशाली हात धुवायला नळाकडे गेले. मी मागच्या सीटवर बसत होते. सलीमभाई दार लावायला आला आणि हळू म्हणाला, "दुदाचा वास काय आला न्हाई मला आजी. पर मी काय बगायला हुतो?"

त्याने मला दुसरी संधी दिली होती. मी साडीचा काठ आत ओढून घेतला, म्हणजे त्याला दार लावता यावं.

घरी आल्यावर सुरेशने किल्ली खुंटीवरून काढून खिशात घातली. सांडल्याचा राग नाही म्हणाला, खोटं बोलल्याचा आहे. "मान्य कर, किल्ली घे." केवढी सोपी गोष्ट! वैशाली म्हणाली, "जे केलं न्हाई ते मान्य कसं करू?" आणि अडून बसली. त्यालाही पारावरच्या माणसांपुढे काहीतरी कारण हवंच होतं, ते मी त्याच्या हातात दिलं होतं. चार दिवस त्याने तिला मोटरसायकलवरून सोडलं. मग बागेत फवारणी निघाली. मग तिला उशीर व्हायला लागला. दवाखान्याने सकाळचं काम दुसरीला दिलं आणि तिला दुपारनंतर या म्हटलं, पण तेव्हा नातीची शाळा सुटायची. महिन्याभरात नोकरी गेली.

या महिन्यात रोज सकाळी मी तोंड उघडू शकत होते. एक वाक्य. नारळ मी फोडला. तेवढ्याने किल्ली परत खुंटीवर आली असती.

एका सकाळी ती माझ्यापाशी आली. मी लसूण सोलत होते. खाली बसली आणि म्हणाली, "आत्या, तुमचा तरी माझ्यावर इश्वास हाय न्हवं? मी न्हाई सांडला चहा."

लसणाची साल नखात गेली होती, ती काढत मी म्हणाले, "इश्वासाचं काय त्यात? वस्तू वापरली की सांडलवंड हुती. व्हय म्हण आन् मोकळी हो."

तिने माझ्याकडे बघितलं. आणि उठली. मी लसूण सोलत राहिले.

मिस्त्रीपुढे खोटं बोलले, ते घाईत. हे घाईत नव्हतं.

आणखी सांगते, कारण अर्धं सांगून उठण्यात काय अर्थ? ती घरी राहिली, त्याचं मला बरं वाटलं. सकाळी चहा हातात आला. बेदाणा निवडायला शेजारी कुणीतरी बसलं. पहाटे गाडीचा आवाज नाही, जिवाला घोर नाही. रात्री मला झोप येत होती. लोक म्हणतात, पाप केलं की झोप लागत नाही. मला वर्षभर छान लागली.

पुढच्या वर्षी, द्राक्षं काढणीला आली तेव्हा, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सांगलीत. नंतर सहा दिवस रोज डोळा दाखवायला जायचं होतं. सुरेशला शेडवरून हलता येत नव्हतं. हिरवी पट्टी बांधून मी पलंगावर बसले होते. वैशाली म्हणाली, "मी नेते."

सुरेश म्हणाला, "आधी मान्य कर."

वर्ष उलटून गेलं होतं, मी म्हटलं विसरला असेल. नव्हता. ती दाराच्या चौकटीत उभी होती. तिने एकदा माझ्या पट्टीकडे बघितलं आणि म्हणाली, "व्हय. माझ्याच हातनं सांडला चहा. द्या किल्ली."

ज्या बाईने नोकरी जाऊ दिली पण जी खोटं बोलली नाही, ती माझ्या डोळ्यासाठी खोटं बोलली. माझ्यासमोर. सुरेशने किल्ली तिच्या हातात ठेवली, "हेच आधी म्हणाली असतीस तर?" असं म्हणून. आणि मी? माझा एक डोळा उघडा होता, तोंड तर सगळंच उघडं होतं. मी पिशवी घेऊन उठले.

सहा दिवस आम्ही दोघीच गाडीत. पहिल्या दिवशी ठरवलं, कवठेएकंद आलं की सांगायचं. कवठेएकंद गेलं. मग बुधगावला म्हटलं. मग माधवनगर. मग म्हटलं येताना. येताना ती म्हणाली, "काच लावू का आत्या, वारा लागंल डोळ्याला," आणि तिने बटण दाबलं. काच वर गेली. मी "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. सहाव्या दिवशी पट्टी सुटली आणि डॉक्टर म्हणाले, आता सगळं लख्ख दिसेल.

त्याला आता किती वर्षं झाली! गाडी तीच आहे. वैशालीच चालवते, सुरेशची काही हरकत नाही. शेडवरचे बॉक्स कोल्ड स्टोरेजला नेते, नातीला शिकवणीला सोडते. रक्त तपासायची नोकरी पुन्हा मिळाली नाही. दोन ठिकाणी विचारून आली, मधली वर्षं रिकामी का, म्हणाले. पाहुणे गाडीत बसले आणि कुणाच्या हातात कप दिसला की सुरेश अजून म्हणतो, "जपून हां, आमच्या बाईसायबांनी एकदा काचंला चहा पाजलाय." सगळे हसतात. अलीकडे तीही हसते.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघी शेडमध्ये बेदाण्यातल्या काड्या काढत बसलो होतो. दुपार होती, पंखा चालू होता. ती मध्येच हात थांबवून म्हणाली, "आत्या, मी लय इचार केला त्या काचेचा. एवढी अडून बसले मी तवा. पर माझ्याच हातनं सांडला असंल कधीतरी. एखाद्या दिवशी उशीर झाला असंल, गाडीतच घोट घेतला असंल. आता आठवत न्हाई मला."

ती माझ्याकडे बघत होती. तिला हो किंवा नाही काहीतरी हवं होतं.

मी म्हणाले, "असंल."